कोण गेलं?

"कुठं निघालाय?"

"कोल्हापूरला."

"चुकलं. चहा न्हाई."

ह्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा ओट्यावर बशीनं झाकलेल्या कपाकडं. बशीच्या कडेनं वाफ निघत होती.

"परत विचारते. कुठं निघालाय?"

"तूच सांग की."

"अमेरिकेला."

"अमेरिकेला," ते म्हणाले आणि जरा विचार करून म्हणाले, "जेवायला कुठं थांबते गाडी?"

दारात दात घासत उभा असलेला आमचा मुलगा रणजित फेस सांडेपर्यंत हसला. "आई, हे असलं काही व्हिसाच्या खिडकीत बोलले ना, तर दोघांनाही तिथनंच माघारी पाठवतील."

"तू हसू नको. त्यांचं चित्त उडतं." मी कप माझ्याकडं ओढला. "बरं, अमेरिकेत कोण हाय आपलं?"

"लेक."

"नाव काय तिचं?"

इथं ते रोज अडायचे. ओठ हलायचे, पण आवाज यायचा नाही. मी कपावरची बशी काढली. आल्याचा वास त्यांच्यापर्यंत गेला.

"वैजू," ते म्हणाले.

मी कप पुढं सरकवला.

आमचे हे, दौलतराव निकम, विट्याच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. काचेच्या केबिनमध्ये माईकसमोर बसून कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली ते सांगायचे. घरी आमच्यासारखंच बोलायचे, पण माईक समोर आला की ताठ बसायचे आणि आवाज पुस्तकातला व्हायचा. निकम कंट्रोलरचा पुकार ऐकून चढलेला माणूस चुकीच्या गावाला जात नाही, असं लोक म्हणायचे. घरातही त्यांचं तसंच होतं. एकदा पुकारलं की पुकारलं. दुसऱ्यांदा विचारलं की हात उठायचा. मला ते अडाणी म्हणायचे आणि मी होतेच अडाणी. केस पिकल्यावर गावातल्या प्रौढ वर्गाला जायला लागले, तर पाटी परसात भिरकावून म्हणाले, "आता काय कलेक्टर व्हायचंय?" मी दुसरी पाटी आणली. वैजू फोनवर दोन ओळी लिहून पाठवायची, त्या मला दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यायच्या नव्हत्या.

आणि मी वाचायला लागले तसे हे विसरायला लागले. आधी चष्मा, मग स्टँडवरून घरी यायचा रस्ता, मग सुनेचं नाव. सांगलीचे डॉक्टर म्हणाले, मेंदू वाळत चाललाय, गोळ्यांनी वेग कमी होईल, मागचं परत येणार नाही. जेवल्याचं विसरून पुन्हा ताटावर बसायचे. पहाटे उठून अंगणात उभे राहून पुकारायचे, "मायणीमार्गे दहिवडीला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागत आहे." शेजारचे हसायचे. काही पोरं मुद्दाम कुंपणाशी येऊन विचारायची, "कंट्रोलर, स्वर्गाची गाडी किती वाजता?" हे खरंच आठवायचा प्रयत्न करायचे.

सगळ्यात त्रास आंघोळीचा. अंगावर पाणी घातलं तर गप्प बसायचे, पण डोक्यावर तांब्या ओतला की दचकायचे आणि माझं मनगट धरून विचारायचे, "कोण गेलं?"

"कुणी न्हाई गेलं. मान खाली घाला."

"मग डोक्यावरनं का घालतीस?"

म्हणून मी डोकं ओल्या फडक्यानं पुसून घ्यायचे. वैद्याला, डॉक्टरला कुणालाच हे सांगितलं नाही.

वैजूचं सांगायचं तर, तिनं वर्गातल्या प्रफुल्लशी लग्न केलं. मुलगा चांगला, जात दुसरी. त्या दिवसापासून तिचं नाव घरात बंद झालं. पुढं ती दोघं अमेरिकेला गेली. मूल राहायचं आणि जायचं, राहायचं आणि जायचं. चाळिशी उलटल्यावर एक टिकलं, तर डॉक्टरांनी तिला अंथरुणातून उठायचं नाही म्हणून सांगितलं. प्रफुल्ल सकाळी कामावर जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. तिचे तिथले कागद अडकलेले. देश सोडला तर परत आत घेतील याची खात्री नव्हती.

"आई, तू ये गं," ती फोनवर म्हणाली. "नुसती येऊन बस. मला भिंतीशी बोलायचा कंटाळा आलाय. हे पण गेलं तर मी एकटीनं काय करायचं?"

मी जाणार होते. पण ह्यांना कुणाकडं ठेवायचं? रणजितनं स्पष्टच सांगून टाकलं, "दादांना मी एक दिवस सांभाळणार नाही. त्यांनी अंथरूण खराब केलं की ते कोण काढणार? सुनीता? ती माहेरी जाईल. जायचं तर दोघं जा, नाहीतर दोघंही इथं राहा."

"अरे, तुझा बाप हाय तो."

"माहितीय. सायकल पंक्चर झाली म्हणून स्टँडवर सगळ्यांसमोर पट्ट्यानं मारलं होतं, तेव्हापासून माहितीय."

मी वैजूला विचारलं.

"दादा येतील माझ्या घरात?"

"तुझं नाव घेतल्याशिवाय चहासुद्धा पीत न्हाईत आता," मी म्हणाले.

ती रडायलाच लागली. खोटं काही मी बोलले नव्हते.

सांगलीतल्या एजंटानं अर्ज भरला. पोट सुटलेला, गोड बोलणारा माणूस. म्हणाला, "मावशी, शुगर, बीपी चालतं. सगळ्या म्हाताऱ्यांना असतं. हे विसरण्याचं मात्र लिहायचं नाही. असला माणूस तिथं जाऊन दवाखान्याला भार होणार, असं साहेबाच्या मनात आलं की संपलं."

"आणि विचारलं तर?"

"विचारतील चार प्रश्न. कुठं चाललात, कोणाकडं, मुलं किती, परत कधी येणार. एवढं पाठ करून घ्या. काकांचा आवाज तर मी ऐकलाय लहानपणी, खणखणीत. आवाजावरच पास होतील."

तेव्हापासून माझी शाळा सुरू झाली. सकाळचा चहा, दुपारचा चहा, रात्रीचं दूध. उत्तर बरोबर आलं तर पुढं, चुकलं तर मागं. एकदा दोन्ही वेळचा चहा मी मोरीत ओतला. ते लहान मुलासारखे रडले आणि तिसऱ्या वेळेला सगळं बरोबर बोलले. मुलं किती? दोन. एक मुलगा, एक मुलगी. मुलगी कुठं असते? अमेरिकेत. तिथं किती दिवस राहणार? बाळंतपण होईपर्यंत. मग? मग परत विट्याला. आमचं घर हाय तिथं.

"पोपट झालाय नुसता," रणजित म्हणाला. मला तो आवडला, पोपट.

मुंबईला आम्ही कळंबोलीत रणजितच्या मेहुण्याकडं उतरलो. मुलाखतीच्या सकाळी मी ह्यांचे कपडे इस्त्री करत होते, तोवर रणजितनं त्यांना न्हाणीघरात नेलं.

"डोक्यावरनं घालू नको रे," मी आतूनच ओरडले.

"वास मारतोय, आई. त्या खिडकीत साहेबानं नाक धरायला नको."

बादली भरल्याचा आवाज आला. मग सगळी बादली एकदम ओतल्याचा.

"कोण गेलं?"

इतक्या मोठ्यानं ते कधी विचारत नव्हते.

"कोणी नाही, हात वर करा."

"कोण गेलं रे?"

"अहो दादा, उशीर होतोय. वर करा हात!"

बाहेर आले ते थरथरत. मी केस पुसले, टोपी घातली. गाडीत मी हळूच विचारून बघितलं. अमेरिकेला. लेकीकडं. दोन. एक मुलगा, एक मुलगी. सगळं बरोबर आलं. मी थर्मासमधला चहा दिला, तो त्यांनी हातात धरून ठेवला, प्याले नाहीत.

वकिलातीत रणजितला आत सोडलं नाही. फोन, पिशव्या सगळं त्याच्यापाशी ठेवून आम्ही दोघं गेलो. मोठा थंडगार हॉल. रांगेत सगळी आमच्यासारखीच म्हातारी माणसं, नवी कोरी चपला-लुगडी घातलेली, ओठ हलवत पाठांतर करणारी. आमच्या पुढची एक बाई पदरात तोंड खुपसून खिडकीवरून परत आली. तिच्या नवऱ्यानं तिला तिथल्या तिथं झापलं, "तुला सांगितलं होतं, जास्त बोलू नको!"

आमचा नंबर लागला. काचेच्या पलीकडं गोरा, तरुण साहेब. त्याच्या शेजारी मराठी बोलणारी मुलगी. आणि काचेच्या अलीकडं, आमच्या तोंडासमोर, वाकड्या मानेचा एक माईक.

ह्यांनी तो माईक बघितला. पाठ ताठ झाली. सदऱ्याची कॉलर सरळ केली. कितीतरी दिवसांनी मी त्यांना असं उभं राहिलेलं पाहिलं आणि मला वाटलं, झालं आपलं काम.

"आजी, कशासाठी चाललात?" मुलीनं विचारलं.

"लेकीचं बाळंतपण हाय. तिला झोपवून ठेवलंय. तिच्याजवळ कुणी न्हाई."

"आजोबा, तुम्ही काय करत होता?"

"राज्य परिवहन मंडळात वाहतूक नियंत्रक होतो," हे माईकमध्ये म्हणाले. मागची माणसं वळून बघायला लागली, इतका आवाज स्वच्छ. मुलगी हसली. तिनं साहेबाला सांगितलं, तोही हसला. त्यानं पुढचा प्रश्न ह्यांच्याकडं बघूनच विचारला.

"आजोबा, तुम्हाला मुलं किती?"

"एक. मुलगा."

मी ह्यांचा सदरा ओढला.

"आणि मुलगी?" ती म्हणाली.

"मुलगी मयत आहे."

"अहो..." मी बोलायला गेले, तर साहेबानं मला तळहात दाखवून थांबवलं. काचेमागच्या मुलीचं हसू गेलं होतं.

"कधी वारल्या, आजोबा?"

"नवरात्र चालू होतं. घटस्थापनेचा दुसरा दिवस. मी ड्यूटीवर होतो. निरोप आला, तसा ड्यूटी सोडून निघालो. विहिरीवर गेलो आणि अंगावरच्या गणवेशासकट आंघोळ केली. तिच्या नावानं. सगळ्या गावानं पाहिलं आहे."

एक अक्षर अडलं नाही. एक अक्षर चुकलंही नव्हतं. निरोप आला होता तो वैजूनं लग्न केल्याचा. हे खाकी कपड्यांतून पाणी निथळत गल्लीतून आले आणि मला म्हणाले, रडायचं असेल तर आता रडून घे, उद्यापासून नाही. दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. कावळा लगेच शिवला. "बघ," मला म्हणाले, "तिचा जीव कशातच अडकला नव्हता." त्या वेळी वैजू पुण्यात प्रफुल्लच्या खोलीवर स्वयंपाकाची भांडी लावत होती. तिला मी हे कधी सांगितलं नाही.

साहेबानं कागदांतून वैजूचा फोटो काढून काचेला लावला.

"ही कोण?" मुलीनं विचारलं.

हे पुढं वाकले. नीट बघितलं. "या बाईंना मी ओळखत नाही."

"ताई," मी म्हणाले, "त्यांना विसरायला होतं. डोक्याचा आजार हाय. ती आमचीच लेक हाय, जिती हाय, बाहेर फोनवर बसलीय."

मुलीनं साहेबाला सांगितलं. साहेबानं अर्ज उलटापालटा केला, एका जागी बोट ठेवलं.

"आजी, इथं तर असा काही आजार नाही म्हणून लिहिलंय. खाली तुमची सही आहे."

सही माझीच होती. मोठ्या अक्षरांत, नीट जोडून काढलेली.

"आजार आहे, तर हे खोटं लिहिलंय," ती म्हणाली. तिचा आवाज वाईट नव्हता, पण तिला विचारणं भागच होतं. "आजार नाही, तर आजोबा म्हणतात ते खरं. दोन्हीपैकी काय? आजोबा खोटं बोलतायत का?"

सगळ्या जन्मात मी त्यांना खोटं म्हणाले नव्हते. मनातल्या मनातसुद्धा म्हणाले नव्हते.

"व्हय," मी म्हणाले. "खोटं बोलत्यात."

ह्यांनी माझ्याकडं मान वळवली. सुनेचं नाव विसरलेला, जेवलेलं विसरलेला माणूस. पण हात विसरला नव्हता. तो वर गेला आणि माझ्या गालावर बसला.

लागलं नाही. त्यात जोर कुठं राहिला होता? पण माईक चालू होता आणि तो आवाज मोठा होऊन आला. शिपाई धावत आला. हे माईकमध्येच म्हणाले, "निकम कंट्रोलर चुकीचा पुकार देत नाही."

साहेबानं दोन्ही पासपोर्ट आणि एक छापील कागद खिडकीखालून सरकवला. मुलगी माझ्याकडं न बघता म्हणाली, "आजी, खोटी माहिती दिल्याची नोंद झालीय. आता पुन्हा अर्ज केला तरी अवघड आहे."

"मी एकटी गेले तर?"

"नोंद दोघांच्याही नावावर आहे."

बाहेर आलो. रणजित झाडाखाली वडापाव खात उभा होता. माझं तोंड बघून त्यानं उरलेला वडा कागदासकट फेकला. "घाण केली ना? मला वाटलंच होतं. आता काय, पुन्हा माझ्याच उरावर!"

हे माझ्या बाजूला आले. चेहरा उजळला होता. थर्मासकडं बोट दाखवून म्हणाले, "सगळं बरोबर सांगितलं न्हवं? आता दे चहा."

मी झाकण उघडलं आणि ओतून दिला. तो अजून गरम होता.

तेवढ्यात रणजितच्या हातातला फोन वाजला. वैजू जागीच होती.

"आई, काय झालं?"

"कागद कमी पडले गं."

"कुठले? मी पाठवते. आजच पाठवते."

"न्हाई. आता न्हाई व्हायचं."

"दादांना काय विचारलं? नीट बोलले?"

"नीट बोलले. अडले न्हाईत कुठं."

"माझं नाव सांगितलं त्यांनी?"

हे फुंकर घालून चहा पीत होते. मी म्हणाले, "तुझंच सांगितलं सगळं."

मुलगी झाली तिला. वेळेआधी झाली, काचेच्या पेटीत ठेवली होती, जगली. बाळंतिणीला तेल लावायला कुणी नव्हतं. प्रफुल्ल फोनवर मला विचारून विचारून डिंकाचे लाडू करायचा, ते दगडासारखे व्हायचे. नात मी फोनच्या काचेतच वाढताना बघितली. ती मला आजी म्हणते आणि काचेला पापी देते. पुढं मी एकटीनं अर्ज केला, तेव्हा ती नोंद निघाली. माणूस बदलला होता, खिडकी बदलली होती, नोंद तीच होती.

हे त्यानंतरच्या उन्हाळ्यात गेले. शेवटी पाणीसुद्धा गिळायचं विसरले. रणजितनं अग्नी दिला आणि स्मशानातून आल्यावर बादलीभर पाणी डोक्यावरून घेतलं. विचारायला कुणी नव्हतं.

वैजूला मीच कळवलं. ती रडली नाही लवकर. मग रडली ती थांबेना. मध्येच म्हणाली, "माझं नाव घेऊनच चहा प्यायचे ना गं?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आई, लेकीला तीन दिवसांचं सुतक असतं ना? मला आंघोळ करायला लागेल. डोक्यावरूनच ना? मी नळ सोडलाय. इथं कुणाला विचारणार, म्हणून तुला विचारते."

तिच्या मागं पाणी पडत होतं. मला स्वच्छ ऐकू येत होतं.

"तुला न्हाई," मी म्हणाले.

"का? लग्न झालं तरी बापाचं असतं की."

"असतं. पण तुझ्या नावाची आंघोळ त्यांनी आधीच केली होती. तू लग्न केलंस त्या दिवशी, विहिरीवर, अंगावरच्या कपड्यांनिशी. दहावं पण केलं. मुंबईला खिडकीत त्यांनी तेच सांगितलं. मेलेल्या माणसाला सुतक नसतं, वैजू."

बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. मग तिनं नळ बंद केला.